त्वचेतून औषध आणि नॅनोकण : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात फार्मसीच्या मुलांना शिकवते. खालचे प्रश्न वर्गातले थोडे आणि बाहेरचे जास्त आहेत. काही मेडिकलच्या काउंटरवर ऐकलेले, काही शेजारणींनी विचारलेले, काही ओळखीच्या डॉक्टरांनी माझ्याकडे वळवलेले. ‘नॅनो’ लिहिलेली ट्यूब हातात धरून जेव्हा कुणी विचारतं, तेव्हा त्या माणसाला पैसे घालायचे की नाही एवढंच ठरवायचं असतं. म्हणून उत्तरं जमतील तितकी सरळ दिली आहेत. वाचताना एक फरक मनात ठेवा: औषध कातडीत मुरणं वेगळं आणि कातडी ओलांडून रक्तात पोचणं वेगळं. नॅनोकणांबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात.

कातडीवर लावलेलं औषध खरंच शरीरात जातं का?

जातं, पण मोजकीच औषधं जातात. आपल्या शहराच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या वसाहतीत हजारो बायका रोज मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. दिवसभर तंबाखू हाताळल्यावर काहींचं डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. त्यात नाकातोंडात गेलेल्या धुळीचा वाटा असतोच, पण निकोटीन हाताच्या कातडीतूनही आत शिरतं. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या शेतमजुरांना याच कारणाने होणारा आजार डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. निकोटीनचा रेणू लहान आहे, त्याचा रेणुभार फक्त १६२. तो तेलातही विरघळतो आणि पाण्यातही. शिवाय शरीरावर परिणाम व्हायला त्याचे थोडेच मिलिग्रॅम पुरतात. नेमक्या याच गुणांमुळे तंबाखू सोडवण्यासाठी निकोटीनचा पॅच तयार करता आला. अमेरिकेत तो १९९१ साली मंजूर झाला.

त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, प्रवासातल्या मळमळीवरचा स्कोपोलामिनचा पॅच तिथे मंजूर झाला होता. कानामागे लावायचा आणि तीन दिवस ठेवायचा. १९८१ मध्ये छातीतल्या कळेवरचा नायट्रोग्लिसरीनचा पॅच आला. यांपैकी एकातही नॅनोकण नव्हते. त्वचेतून औषध देण्याचा मार्ग नॅनोच्या आधीपासून चालू आहे आणि आजही बाजारातले बहुतेक पॅच नॅनोशिवायच चालतात.

मी स्वतः बिड्या वळते. हातमोजे घातले तर बोटं चालत नाहीत. मग काय करू?

काम थांबवल्याबरोबर आणि जेवणाआधी, लेकराला घेण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात हे सांगणं सोपं नाही, तरी यासाठी एक कळशी बाजूला ठेवाच. बोटाला चीर किंवा जखम असेल तर त्यावर पट्टी लावून मगच बसा, कारण फाटलेल्या कातडीतून निकोटीन जास्त जातं. घामाने हात ओले असतील तर पुसून घ्या. तंबाखूचं गाठोडं झोपायच्या खोलीत ठेवू नका. दिवस गेले असतील तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हे काम करता असं आवर्जून सांगा. कुणी आपण होऊन विचारत नाही.

निकोटीन जातं, मग सगळ्याच गोळ्यांचे पॅच का करत नाहीत?

कारण कातडीचं मुख्य काम बाहेरचं बाहेर ठेवणं हेच आहे. तिचा सगळ्यांत वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. तळहात आणि तळपाय इथे तो बराच जाड. या थरातल्या पेशी मेलेल्या, चपट्या आणि केराटिनने भरलेल्या असतात, आणि त्यांच्यामधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांच्या थरांनी बुजलेल्या असतात. विटांच्या भिंतीत चुना असतो तशीच ही रचना आहे. औषधाला विटेतून जाता येत नाही. चुन्यातून वाकडीतिकडी वाट काढत जावं लागतं, आणि हा चुना स्निग्ध आहे.

म्हणून तीन अटी आहेत. रेणू लहान हवा: २००० साली बॉस आणि माइनार्डी यांनी मांडलेल्या नियमाप्रमाणे रेणुभार साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणुभाराचं एकक) आत. तो तेलात थोडा आणि पाण्यातही थोडा विरघळायला हवा. नुसतं पाण्यात विरघळणारं औषध वरच्या थरात शिरतच नाही, आणि नुसतं तेलात विरघळणारं तिथेच अडकून बसतं. तिसरी अट मात्रेची. पॅचमधून दिवसाला साधारण २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त औषध आत ढकलणं अवघड असतं. शुगरची मेटफॉर्मिनची एक गोळीच ५०० मिलिग्रॅमची असते, तीही दिवसातून दोन-तीनदा. तिचा पॅच करायचा म्हटलं तर अंगभर गुंडाळावा लागेल.

शरीराच्या सगळ्या भागांतून औषध सारखंच जातं का?

नाही, आणि हा फरक लोकांना वाटतो त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबॅक यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड वेगवेगळ्या जागी लावून किती शोषलं जातं ते मोजलं. कोपर ते मनगट या भागाच्या कातडीतून जेवढं जातं त्याला १ धरलं, तर कपाळातून ६ पट, जबड्याच्या कडेने १३ पट आणि अंडकोशाच्या कातडीतून ४२ पट गेलं. तळपायातून मात्र एक-सप्तमांशच गेलं. हे आकडे मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेते. गजकर्णाच्या प्रश्नात ते पुन्हा लागतील.

नॅनोकण म्हणजे नक्की किती लहान?

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. काटेकोर व्याख्येत १ ते १०० नॅनोमीटरचे कण नॅनो म्हणवतात, पण औषधशास्त्रात काहीशे नॅनोमीटरपर्यंतच्या कणांनाही हेच नाव दिलं जातं. एवढं पुरे. यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे.

इतका बारीक कण कातडीतून सरळ आरपार जात असेल ना?

सगळी जाहिरातबाजी या एका समजावर उभी आहे, आणि धडधाकट कातडीच्या बाबतीत तो समज बहुतांशी खोटा आहे. निकोटीनसारखा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो. १०० नॅनोमीटरचा कण त्याच्या तुलनेत अवाढव्य आहे. पेशींमधल्या फटी अरुंद असतात, शिवाय मोकळ्या नसून स्निग्ध थरांनी भरलेल्या असतात. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड किंवा प्लॅस्टिकचे घट्ट कण लावून पाहिलेल्या प्रयोगांत ते वरच्या थरावर, कातडीच्या रेषांत आणि केसांच्या मुळांत सापडतात. खालच्या जिवंत पेशींपर्यंत जवळजवळ पोचत नाहीत.

मऊ कणांचं गणित थोडं निराळं आहे. लायपोसोम म्हणजे कातडीतल्यासारख्याच स्निग्ध पदार्थांची पोकळ गोळी. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात त्यांचं वर्णन केलं, आणि १९८० पासून ते कातडीवर लावून पाहिले गेले. साधा लायपोसोम वरच्या थरात शिरताना बहुधा फुटतो आणि त्याची चरबी कातडीच्या चरबीत मिसळते. औषध तिथे मोकळं होतं. कण स्वतः पुढे जात नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत ग्रेगोर सेव्क यांनी ट्रान्सफरसोम मांडले. यात लायपोसोमच्या भिंतीत सोडियम कोलेटसारखा पदार्थ घालून ती लवचीक केलेली असते. कातडीचा वरचा भाग कोरडा आणि खालचा ओला असतो, या फरकाच्या ओढीने अख्खी गोळी दबत-ताणत आत सरकते असा त्यांचा दावा होता. हा दावा आजही वादात आहे. बऱ्याच प्रयोगशाळांना अख्ख्या गोळ्या खाली पोचलेल्या दिसल्या नाहीत, औषधाचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं. इथून एक व्यावहारिक गोष्ट कळते: अशा जेलवर प्लॅस्टिक गुंडाळू नये, कारण ओला-कोरडा हा फरकच त्यामुळे नाहीसा होतो.

मग नॅनोकणांचा उपयोग तरी काय?

खूप आहे, फक्त तो वेगळ्या ठिकाणी आहे. पाण्यात न विरघळणारं औषध बारीक कणांत वाटलं गेलं की कातडीवर एकसारखं पसरतं आणि हळूहळू सुटत राहतं. प्रकाशाने किंवा हवेने खराब होणारं औषध कणाच्या आत टिकतं. मुरुमांवरच्या रेटिनॉइडसारखं झोंबणारं औषध एकदम अंगावर न येता थोडं थोडं मिळालं तर कातडी कमी लाल होते. घन चरबीचे कण (सॉलिड लिपिड नॅनोपार्टिकल) कातडीवर पातळ पडदा धरतात, त्यामुळे आतला ओलावा टिकतो आणि वरचा थर थोडा सैल होतो. इथोसोम म्हणजे अल्कोहोल घातलेल्या, लायपोसोमसारख्याच गोळ्या. त्यांत २० ते ४५ टक्के अल्कोहोल असतं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या एल्का तुइतू यांचं हे काम. ते अल्कोहोल कातडीतली चरबी मऊ करतं आणि औषधाची वाट सोपी होते.

थोडक्यात, आजार कातडीतच असेल तर नॅनोकण खरोखर मदत करू शकतात. औषध रक्तात पोचवायचं असेल तर रेणूचे मूळ गुण कसे आहेत यावरच जास्त अवलंबून राहतं. १९८० पासून आजवरची बाजारात टिकलेली उदाहरणं पाहिली की माझं हे मत पक्कं होतं.

केसांच्या मुळांतून औषध जातं म्हणतात, ते काय आहे?

हा भाग मला सगळ्यांत आशादायक वाटतो. केसांच्या छिद्रांनी कातडीचा फार थोडा पृष्ठभाग व्यापलेला असतो, पण प्रत्येक छिद्र खोल उतरतं, आणि खालच्या टोकाशी वरचा कठीण थर पातळ होत जातो. बर्लिनमध्ये लाडेमान आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की सुमारे ३२० नॅनोमीटरचे कण चोळून लावले तर ते केसांच्या मुळांत १० दिवसांपर्यंत राहतात. नुसतं विरघळलेलं द्रव्य त्याच्या कितीतरी आधी निघून जातं. इथे लहान कण सर्वांत चांगला असंही निघालं नाही. काहीशे नॅनोमीटरचा कण जास्त खोल गेला, आणि तो जायला चोळणं आवश्यक होतं, कारण केस हलला की कण आत ढकलला जातो.

मुरुमांचं मूळ याच छिद्रांत, तैलग्रंथींपाशी असतं. त्यामुळे अडापेलिनसारखं औषध कणात भरून तिथे साठवण्याची कल्पना शास्त्राला धरून आहे. केस गळण्यावरही याच वाटेने संशोधन चालू आहे.

म्हणजे आजीची तेलमालिश पण हेच करत होती का?

चोळण्याने मुळांत द्रव्य जातं, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. पण तेलात औषध नसेल तर आत तेलच जाणार. मालिशीने बरं वाटतं त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती पुरेशी आहेत. त्यावर नॅनोचा शिक्का मारायची गरज नाही.

इन्सुलिनचं क्रीम किंवा पॅच आलं आहे का? वडिलांना रोज टोचून घ्यायचा कंटाळा आलाय.

धडधाकट कातडीला नुसतं लावायचं इन्सुलिनचं क्रीम किंवा पॅच बाजारात नाही. इन्सुलिनचा रेणुभार सुमारे ५,८०० आहे, म्हणजे ५०० च्या मर्यादेच्या अकरा पटींहून अधिक, आणि ते पाण्यात राहणारं प्रथिन आहे. नॅनोकणांत भरून प्राण्यांवर अनेक प्रयोग झाले, पण माणसाची साखर खात्रीने आटोक्यात ठेवेल इतकं इन्सुलिन त्या वाटेने नेमानं पोचत नाही. नेमानं हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. एखाद्या दिवशी जास्त गेलं तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकतं.

कुणी ‘शुगरवर नॅनो क्रीम’ विकत असेल तर ते घेऊ नका, आणि इन्सुलिन तर अजिबात थांबवू नका. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीला १९५४ च्या औषधी द्रव्ये व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. कोडासाठीही तीच बंदी आहे. टोचण्याचा त्रास होत असेल तर सुई बदलता का, जागा बदलता का, हे डॉक्टरांना दाखवा. रोज एकाच जागी टोचल्याने गाठ झालेली माणसं मी बरीच पाहिली आहेत, आणि नुसती जागा बदलल्याने त्यांचा त्रास कमी झालेलाही पाहिला आहे.

सासूबाईंच्या गुडघ्यासाठी महागडं नॅनो जेल घ्यावं की साधं?

आधी साधं डायक्लोफिनॅक जेल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि रोज नेमाने लावून पाहा. बहुतेक घरांत ते दुखेल तेव्हा मटारएवढं लावलं जातं आणि मग उपयोग नाही म्हणून ट्यूब कोपऱ्यात जाते. एका गुडघ्याला मापाने, म्हणजे दर वेळी ४ ग्रॅम असं दिवसातून चार वेळा लावलं, तरी रक्तात गोळीच्या साधारण ६ टक्केच औषध जातं. ज्यांचं पोट, किडनी किंवा बीपी नाजूक आहे त्यांच्यासाठी हाच या जेलचा मोठा फायदा. तरीही किडनीचा आजार किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारूनच लावा.

नॅनोबद्दल एक फार बोलका पुरावा इथेच आहे. ट्रान्सफरसोममध्ये कीटोप्रोफेन हे वेदनाशामक भरलेल्या जेलची गुडघेदुखीवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. औषध भरलेलं जेल आणि औषध नसलेलं रिकाम्या गोळ्यांचं जेल, दोन्हींनी सारखाच आराम दिला. दोन्ही सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या पोटात घ्यायच्या गोळीच्या तोडीचे ठरले आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस. रिकाम्या स्निग्ध गोळ्याच सांध्याला उपयोगी पडत असतील, की चोळून लावण्याचाच हा परिणाम असेल? ते काहीही असो, ‘नॅनोने औषध गुडघ्यात खोल नेलं म्हणून आराम पडला’ असं मात्र त्या चाचणीवरून म्हणता येत नाही. नुसतं नॅनो लिहिलेलं पाहून मी दुप्पट पैसे देणार नाही.

जांघेत गजकर्ण आहे, दोन वर्षं जात नाही. नॅनो क्रीमने जाईल का?

आपल्या हवेत हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. यंत्रमागावर बारा-बारा तास घामात उभं राहणारे, पत्र्याखाली राहणारे, घट्ट जीन्स घालून दिवसभर गाडीवर फिरणारे, सगळ्यांनाच हा त्रास आहे. आधी एक तपासा: आत्तापर्यंत लावलेल्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन असं काही लिहिलंय का? ही स्टिरॉइडं आहेत. बुरशीच्या औषधासोबत ती मिसळलेली क्रीमं मागितली की मिळतात. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. वर सांगितलेले १९६७ चे आकडे आठवा. जांघेच्या आसपासची पातळ कातडी हातापेक्षा कितीतरी जास्त स्टिरॉइड शोषते, म्हणून तिथेच कातडी विरते, पांढरे-लाल ओरखडे उठतात आणि ते पुन्हा जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा बदल केला. तरी चिठ्ठी न विचारणारी दुकानं आहेत, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

आता नॅनोकडे. बुरशी राहते ती स्ट्रॅटम कॉर्नियममध्येच, म्हणजे ज्या थरात नॅनोकण चांगले मुरतात त्याच थरात. अॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीवरच्या औषधाचा रेणुभार ९०० च्या वर आहे, साध्या मलमातून ते नीट मुरत नाही, म्हणून ते स्निग्ध कणांत बसवून जेल करण्यात अर्थ आहे. पण बुरशी शरीरावर बरीच पसरली असेल तर लावायच्या औषधाने भागत नाही, गोळ्या लागतात, त्याही पूर्ण काळ. घरातल्या सगळ्यांची एकदम तपासणी, वेगळे टॉवेल, उन्हात उलटे करून वाळवलेले कपडे, यांच्याशिवाय कोणतंही क्रीम टिकणार नाही. टॉवेलांच्या शहरात प्रत्येकाला स्वतःचा टॉवेल मिळायला हरकत नसावी. सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा, लावलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत घेऊन जा.

खरोखर मंजूर झालेली नॅनो औषधं कोणती आहेत?

मोजकीच. एस्ट्राडायॉल या स्त्री-संप्रेरकाचं एस्ट्रासॉर्ब हे सूक्ष्मकणांचं इमल्शन २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, मांडी-पोटरीला लावायचं, पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी. ते रक्तात पोचतं, पण एस्ट्राडायॉलचा रेणुभारच २७२ आहे, म्हणजे तो नॅनोशिवायही कातडीतून जाणारा रेणू. अमेलुझ हे अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचं नॅनोइमल्शन जेल युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. उन्हाने बिघडलेल्या गोऱ्या कातडीवरच्या खरबरीत डागांसाठी ते लावून मग प्रकाश देतात. भाजलेल्या जखमांसाठी चांदीच्या नॅनोस्फटिकांची ड्रेसिंगं १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहेत. त्यात जंतू मारायचे असतात, कातडी ओलांडायची नसते. ती डॉक्टरांच्या हातानेच लावून घ्यावीत. उघड्या जखमेवर चांदीचं कोणतंही जेल मनाने दिवसेंदिवस लावू नये.

सनस्क्रीनमधले नॅनोकण रक्तात जातात का?

टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड बारीक केले की चेहरा पांढरट दिसत नाही, म्हणून ते नॅनो करतात. धडधाकट कातडीवर ते वरच राहतात. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २५ टक्क्यांपर्यंतचा वापर कातडीवर सुरक्षित ठरवला, पण फुप्फुसात जातील अशा फवाऱ्यात ते नकोत असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा सोलापूरच्या उन्हात सनस्क्रीन जरूर लावा, फवाऱ्याऐवजी क्रीम किंवा लोशन घ्या, आणि डोक्यावर पांढरा रुमाल बांधायचा सोडू नका.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो. जेल आणि पॅचचं काय?

स्निग्ध कणांची औषधं उष्णतेने बिघडतात. कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आत धरलेलं औषध बाहेर पडतं, चरबीला वास येतो. जेल फुटल्यासारखं पाणी-पाणी झालं, दाणेदार लागलं किंवा खवट वास आला तर टाकून द्या. ट्यूबवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत, स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा गाडीच्या डिकीत ते शक्य नाही. फ्रिजच्या दारात चालेल, बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही, कारण गोठल्यानेही कण फुटतात.

पॅचचा धोका वेगळा आणि जास्त गंभीर आहे. उष्णतेने कातडीखालचा रक्तप्रवाह वाढतो आणि पॅचमधून औषध जास्त वेगाने आत जातं. कॅन्सरच्या वेदनांसाठी दिलेल्या फेंटानिलच्या पॅचवर गरम पिशवी, हीटिंग पॅड किंवा थेट ऊन पडलं तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. तापातही असंच होतं. घरात असा रुग्ण असेल तर दुपारी त्यांना पत्र्याखाली झोपवू नका, ताप आला तर लगेच डॉक्टरांना फोन करा. काढलेला पॅच चिकट बाजू आत घडी घालून लेकरांच्या हाती लागणार नाही असा टाका, त्यात औषध शिल्लक असतं. काही पॅचच्या पाठीला धातूचा पातळ पत्रा असतो, एमआरआयच्या आधी त्याबद्दल सांगा, नाहीतर कातडी भाजते.

लहान बाळाला नॅनो क्रीम लावलं तर?

डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको. बाळाच्या वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त असतं, म्हणून तेवढंच क्रीम त्याला जास्त पडतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा वरचा थर अजून तयारच झालेला नसतो. लंगोट किंवा डायपरखाली लावलेलं औषध आणखी जोराने शोषलं जातं. गरोदरपणात मुरुमांवरची रेटिनॉइड, नॅनो असोत वा साधी, बंद ठेवावीत.

सुया नसलेलं इंजेक्शन येणार म्हणतात, ते हेच का?

ते मायक्रोनीडल. अर्धा-एक मिलिमीटरच्या अतिबारीक टोकांची पट्टी. टोकं वरचा थर ओलांडतात पण दुखणाऱ्या नसांपर्यंत फारशी पोचत नाहीत. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्रॉस्निट्झ यांच्या गटाने १९९८ मध्ये यावरचं पहिलं महत्त्वाचं काम छापलं. गॅम्बियात बालकांना गोवर-रुबेलाची लस अशा पट्टीतून देऊन पाहिली, २०२४ मध्ये आलेले निष्कर्ष चांगले होते. मोठ्या रेणूंना कातडी ओलांडायची असेल तर मला हीच वाट जास्त खरी वाटते, कारण इथे अडथळा आधी ओलांडलेला असतो. नॅनोकण आणि मायक्रोनीडल एकत्र वापरण्याचे प्रयोगही चालू आहेत. पार्लरमध्ये चेहऱ्यावर फिरवतात तो सुयांचा रोलर म्हणजे हे नव्हे. तो फिरवल्यावर वरून नॅनो सिरम चोळणं तर टाळाच. धडधाकट कातडीसाठी जे सुरक्षित ठरलं ते टोचलेल्या कातडीसाठी सुरक्षित आहे असं धरता येत नाही.

मुलगी एम. फार्म.ला आहे, इथोसोमवर प्रोजेक्ट घेतलाय. काय लक्षात ठेवावं?

सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजांतून असे प्रोजेक्ट दरवर्षी होतात आणि मुलं मेहनतही घेतात. खटकतं ते एवढंच की फ्रान्झ डिफ्यूजन सेलमध्ये (वर औषध, खाली द्रव आणि मध्ये पडदा अशा काचेच्या उपकरणात) डायलिसिसचा पडदा लावून औषध खाली उतरलं की निष्कर्षात ‘त्वचेतून शोषण वाढले’ असं लिहिलं जातं. त्या पडद्यात चरबीचे थर नसतात, पेशी नसतात. त्यातून औषध जेलमधून किती सुटलं ते कळतं, कातडीतून गेलं का ते नाही. डुकराच्या कानाची कातडी माणसाच्या बरीच जवळची आहे, तिच्यावर निदान शेवटचे नमुने तरी तपासावेत. पृष्ठभागाचं तापमान ३२ अंश ठेवावं. तुलना साध्या जेलशी हवी, आणि रिकाम्या इथोसोमसोबत मोकळं औषध मिसळलेल्या नमुन्याशीही हवी, नाहीतर कमाल कणाची की अल्कोहोलची हे कधीच कळणार नाही. चिकटपट्टीने थर काढत प्रत्येक थरातलं औषध मोजलं तर औषध नेमकं कुठे थांबलं ते दिसतं. आणि कणांचा आकार फक्त बनवल्या दिवशी न मोजता तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा, शक्य तर मेमध्ये.

भारतात यावर कुणाचं लक्ष असतं का?

असतं. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत जुनंच औषध नव्या वहन-पद्धतीतून दिलं तर ते नवीन औषध धरलं जातं आणि त्याला केंद्राची मंजुरी लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो औषधांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण सौंदर्यप्रसाधनांचे नियम वेगळे आहेत, आणि ‘नॅनो’ लिहिलेली पुष्कळ उत्पादनं त्या गटात विकली जातात. ट्यूबवर औषधाचं नाव आणि टक्केवारी आहे का ते पाहा. घटक न लिहिता नुसतं ‘नॅनो तंत्रज्ञान’ असेल तर ठेवून द्या.

डॉक्टरांनी नॅनो क्रीम लिहून दिलं तर काय विचारू?

यात मूळ औषध कोणतं, ते कातडीत राहायला हवं की रक्तात जायला, साध्या क्रीमपेक्षा यात नेमका काय फरक पडेल, किती लावायचं आणि किती दिवस. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. लावल्यावर जळजळ, फोड किंवा सूज आली तर थांबवा, ट्यूब फेकू नका, बॅच नंबरसकट जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद तुम्ही स्वतःही १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांकावर करू शकता. त्यासाठी औषधाचं नाव, कधी सुरू केलं, काय झालं आणि रुग्णाचं वय एवढं जवळ ठेवा.